खिशातली दवंडी

गेल्या भागात फील्ड टेलिफोनच्या तारा आणि त्या रात्रीतून कुरतडणारे उंदीर यांची गोष्ट सांगितली होती. आज तारा नाहीत. आजचा विषय आहे मोबाईलच्या संचावर हवेतून थेट टीव्ही आणि रेडिओ पोचवण्याचा. इंटरनेटवरून नव्हे. पूर्वी मनोऱ्यावरून लहरी सुटायच्या आणि गच्चीवरचं एरियल त्या पकडायचं, अगदी तसंच. फक्त एरियल आता खिशात. सिमकार्ड नसलं तरी चालावं, रिचार्ज संपला तरी चालावं, अशी ही कल्पना. आपल्याकडे हल्ली तिला 'डी टू एम' म्हणतात, म्हणजे डायरेक्ट टू मोबाईल. नाव वर्तमानपत्रात वाचलं असेल आणि काहीतरी नवीन निघालंय असं वाटलं असेल. नवीन नाही. वीस वर्षांची जुनी गोष्ट आहे, आणि बहुतेक देशांत ती फसलेली आहे. ती का फसली, आणि फसूनही माझ्यासारखा सिग्नल्सचा म्हातारा तिच्या बाजूने का बोलतो, एवढंच आज सांगतो.

सुरुवात भूजपासून करतो.

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरलं. मी तेव्हा लेफ्टनंट कर्नल होतो. आमची तुकडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे पोचली. टेलिफोन बंद, वीज बंद, रस्त्यावर माणसं शेकोट्या पेटवून बसलेली. सैन्याचं स्वतःचं संदेशवहन उभं झाल्यावर आम्ही उपग्रहावरून चालणाऱ्या दोन लाइन लोकांसाठी खुल्या केल्या. तासाभरात तंबूबाहेर रांग लागली. कच्छी माणसांचं निम्मं गणगोत मुंबईत, त्यामुळे बरेचसे फोन मुलुंड-घाटकोपरकडे. सगळ्यांना सांगायचं एकच होतं, आम्ही जिवंत आहोत, किंवा अमुक गेला.

आता हिशेब पाहा. एकेकाला तीन मिनिटं. दोन लाइनवर तासाला चाळीस माणसं. रांगेत तीनशेच्या वर. म्हणजे शेवटच्या माणसाची पाळी साडेसात तासांनी. आणि पाळी आली तरी पलीकडचा फोन लागेलच असं नाही, कारण मुंबईचे नातेवाईक त्याच वेळी कच्छचे नंबर फिरवत बसलेले. एक म्हातारे गृहस्थ चार वेळा रांगेत उभे राहिले. पाचव्या वेळी आमच्या हवालदाराने त्यांना रांगेत उभंच राहू दिलं नाही. खुर्ची दिली आणि नंबर तो स्वतः फिरवत राहिला.

त्याच रात्री अफवा उठली की पहाटे आणखी मोठा धक्का येणार आहे. कुणी म्हणे धरण फुटलंय. लोक सामान उचलून चालायला लागले, कुठे जायचं ते कुणाला माहीत नाही. आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे एक ट्रान्झिस्टर होता, चार सेलचा, कातडी पिशवीतला. त्याने तो ट्रकच्या आरशाला टांगला आणि आवाज पूर्ण वाढवला. आकाशवाणीच्या गुजराती बातम्या लागल्या. धक्के येत राहतील, पण मोठ्या धक्क्याची वेळ कुणालाच आधी सांगता येत नाही, पडक्या घरांत जाऊ नका, मदत कुठे मिळेल, असं सगळं बाई शांतपणे सांगत होती. ट्रकभोवती दीडदोनशे माणसं गोळा झाली. बातम्या संपल्यावर ती बसली. चालायला लागलेली बरीचशी माणसं परत आली.

माझ्या तंबूत लाखो रुपयांची यंत्रसामग्री होती आणि ती तासाला चाळीस माणसांना पुरत होती. आरशाला टांगलेल्या त्या डब्याला दोनशे माणसं एकदम पुरली, आणि दोन हजार असती तरी पुरली असती.

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना जुने आणि नेमके शब्द आहेत. निरोप आणि दवंडी. निरोप एका घरचा दुसऱ्या घरी जातो. घरं वाढली की निरोप्याच्या फेऱ्या वाढतात. दवंडी चावडीपुढे पिटली की ज्याला कान आहेत त्याने ऐकावी. पिटणाऱ्याचे कष्ट दहा जणांना तेवढेच आणि हजारांना तेवढेच. टेलिफोन हा निरोप, रेडिओ ही दवंडी. तुमचा स्मार्टफोन दवंडी असल्याचा भास निर्माण करतो, पण आतून तो निरोप्याच आहे. क्रिकेटचा एकच सामना एका चौकात पाचशे जण मोबाईलवर पाहत असतील, तर मनोरा तोच चेंडू पाचशे वेळा वेगवेगळा पाठवत असतो. तुमचा चेंडू तुम्हाला, माझा मला. म्हणून तर शेजारच्या घरात आधी आरडाओरडा होतो आणि आपल्याकडे विकेट नंतर पडते.

ही उधळपट्टी काही अभियंत्यांना पहिल्यापासून दिसत होती. मोबाईलच्या हातात दवंडी द्यावी, असे प्रयत्न २००५च्या आसपास तीनचार ठिकाणी एकदम सुरू झाले.

दक्षिण कोरिया पुढे होता. तिथे मे २००५मध्ये उपग्रहावरून आणि १ डिसेंबर २००५ला जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून मोबाईल टीव्ही सुरू झाला. उपग्रहाचा पैसे देऊन, मनोऱ्यांचा फुकट. मनोऱ्यांच्या पद्धतीचं नाव टी-डीएमबी, आणि तिचा पाया युरोपात डिजिटल रेडिओसाठी तयार केलेल्या तंत्राचा होता. म्हणजे रेडिओच्या जोत्यावर टीव्हीची माडी. सोलच्या भुयारी रेल्वेतही ही दवंडी ऐकू यावी म्हणून आत जागोजागी यंत्रं बसवली होती. लोकांनी ती मनापासून वापरली. मोटारीच्या नकाशाच्या पडद्यावरसुद्धा मालिका चालू लागल्या आणि पुढे गाडी चालवताना त्या पाहण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. पैसे घेणारी उपग्रहाची सेवा मात्र २०१२मध्ये बंद पडली. शेजारी फुकट दवंडी असताना विकतची कोण ऐकेल?

पण मला खरं कौतुक जपानचं आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबतो.

जपानमध्ये टीव्हीच्या एका वाहिनीला हवेत सहा मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो. डिजिटल टीव्ही आणताना तिथल्या अभियंत्यांनी या पट्ट्याच्या तेरा फाका केल्या. बारा फाका घरातल्या मोठ्या पडद्यासाठी. मधली एक फाक मोबाईलसाठी. त्या एका फाकेवरूनच या सेवेचं नाव पडलं 'वन-सेग'. ती १ एप्रिल २००६ला सुरू झाली. एका फाकेत सेकंदाला जेमतेम चारशे किलोबिट मावतात, म्हणून चित्र ३२० बाय १८० ठिपक्यांचं, आजच्या पोरांना टपालाच्या तिकिटाएवढं वाटेल असं. पण ती एक फाक मुद्दाम दणकट ठेवलेली होती. चालत्या गाडीत, मनोऱ्यापासून लांब, मोठा पडदा गोठला तरी ही चालायची. वेगळा मनोरा नाही, वेगळा परवाना नाही, वेगळं बिल नाही. घरच्या टीव्हीसाठी जी लहर सुटते, तिच्याच पोटात ही बसलेली. मोबाईल विकणाऱ्या कंपन्यांनीही फोनमध्ये ट्यूनर आणि ओढून काढायचं इवलंसं एरियल भराभर बसवलं.

आता ११ मार्च २०११. दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. तोहोकूच्या किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप. पाठोपाठ त्सुनामी. पुढच्या काही मिनिटांत जे झालं ते कच्छच्या माझ्या तंबूतल्या रांगेचंच मोठं रूप होतं. सगळा देश एकाच वेळी फोन करू लागला. जाळं कोसळू नये म्हणून मोबाईल कंपन्यांना आवाजी कॉल ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत रोखावे लागले. हे आकडे तिथल्या सरकारी अहवालातले आहेत. दहातले नऊ निरोप दारातच परतवले, असा त्याचा अर्थ. शिवाय वीज गेली. मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपत गेल्या आणि एका टप्प्यावर मोबाईलची सुमारे २९,००० केंद्रं बंद होती.

वीज गेल्यावर घरातला मोठा टीव्हीही मेला. मग लोकांच्या हातात उरलं काय? सेलवर चालणारा रेडिओ, मोटारीतला टीव्ही आणि खिशातली ती एक फाक. एनएचकेचं हेलिकॉप्टर किनाऱ्यावरून घुसणाऱ्या पाण्याचं चित्र थेट दाखवत होतं. ज्यांच्या फोनमध्ये वन-सेग होतं, त्यांना ते रस्त्यावर उभ्या उभ्या दिसत होतं. जाळं तुंबलेलं असताना, आणि त्यांच्या पाहण्याने ते आणखी न तुंबता. इथे मला हे सुद्धा सांगितलं पाहिजे की त्या दिवशी इंटरनेट हात बांधून बसलं नव्हतं. हिरोशिमातल्या एका शाळकरी मुलाने घरच्या टीव्हीपुढे आपला फोन धरला आणि एनएचकेचं प्रक्षेपण इंटरनेटवर सोडून दिलं. हे खरं म्हणजे नियमाबाहेरचं. एनएचकेने ते चालू दिलं आणि मग स्वतःही इंटरनेटवर प्रक्षेपण सोडलं. परदेशातल्या जपान्यांना त्याचा फार उपयोग झाला. पण जिथे मनोरेच बंद पडले होते, तिथल्या माणसाला तो उपयोग नव्हता.

एवढं होऊनही जपानचे फोन हळूहळू ट्यूनर गाळत गेले. आयफोन तिथे २००८मध्ये आला तो ट्यूनरशिवाय. आधी त्याच्यासाठी खास वेगळी ट्यूनरवाली बॅटरी विकून पाहिली. पुढे लोकांना ट्यूनरच नकोसा झाला आणि बाकीच्यांनीही तो सोडला. त्यातच एक गमतीचा खटला झाला. जपानमध्ये घरात टीव्हीचा संच 'बसवला' की एनएचकेला वर्गणी द्यावी लागते. मग खिशात ठेवलेला वन-सेगचा फोन हा 'बसवलेला' संच की नाही? सायतामाच्या न्यायालयाने २०१६मध्ये सांगितलं, नाही. वरच्या न्यायालयाने सांगितलं, आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये तेच कायम केलं. म्हणजे ट्यूनर असलेला फोन घेणं म्हणजे वर्गणीचं बोलावणं. असा फोन मुद्दाम कोण घेईल? कायदा बरोबर असेल, परिणाम मात्र दवंडी ऐकणाऱ्याच्या कानावर पट्टी लावण्याचा झाला.

युरोप आणि अमेरिकेची कथा लवकर आटपते. युरोपात नोकियाच्या पुढाकाराने डीव्हीबी-एच नावाची पद्धत आली. तिच्यात एक डोकेबाज युक्ती होती. प्रत्येक वाहिनीचा मजकूर एकदम झोताने पाठवायचा आणि मधल्या वेळात फोनचा ट्यूनर झोपवून ठेवायचा, म्हणजे बॅटरी वाचते. इटलीत २००६च्या फुटबॉल विश्वचषकाच्या मुहूर्तावर ती सुरू झाली. काही वर्षांत एकेक देशाने ती गुंडाळली. अमेरिकेत क्वालकॉमने मीडियाफ्लो काढलं, टीव्हीच्या ५५ क्रमांकाच्या वाहिनीची जागा घेऊन. महिना पंधरा डॉलर. मार्च २०११च्या अखेरीस तेही बंद. गंमत म्हणजे तो बंद पडण्याचा महिना आणि तोहोकूचा महिना एकच. आणि ज्या लहरींवर ते चालत होतं त्या एटी अँड टीने १९२ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतल्या. कशासाठी? इंटरनेट पोचवण्यासाठी. चावडीची जागा विकून तिथे निरोप्यांचं कार्यालय उघडलं.

आता आपण.

दूरदर्शनने २००७मध्ये दिल्लीत नोकियाबरोबर डीव्हीबी-एचचा प्रयोग केला. मी तेव्हा नोकरीत होतो आणि हा प्रयोग आम्ही सिग्नल्सवाल्यांनी फार उत्सुकतेने पाहिला. जानेवारी २००८मध्ये ट्रायने मोबाईल टीव्हीबद्दल शिफारशीही दिल्या. मग बरीच वर्षं काही नाही. २५ फेब्रुवारी २०१६ला दूरदर्शनने १६ शहरांत नव्या पद्धतीने, डीव्हीबी-टी२ने, मोबाईलसाठी टीव्ही सुरू केला. त्या यादीत मुंबई होती, औरंगाबाद होतं, आणि आमचं इंदूर होतं.

मी निवृत्तीनंतर महूला राहतो. तरुणपणी इथेच सिग्नल्सचं शिक्षण घेतलं, शेवटी इथेच घर बांधलं. इंदूर पंचवीसेक किलोमीटरवर. बातमी वाचून मी दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. असा ट्यूनर आत असलेला एकही फोन दुकानात नव्हता. दुकानदाराला वाटलं मी काहीतरी ऐकून आलोय. शेवटी फोनला खालून जोडायचं एक डोंगल मागवलं, अंगठ्याएवढं, त्याला लहान एरियल. घरात काही दिसेना. गच्चीवर गेलो तर दूरदर्शन स्वच्छ. जिन्याच्या वरच्या पायरीवर चित्र, चौथ्या पायरीवर चौकोन चौकोन, सहाव्या पायरीवर काळं. सौ. खालून म्हणाल्या, "गच्चीवर जाऊनच टीव्ही पाहायचा तर जुनं एरियल काय वाईट होतं?"

यात दोष कुणाचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. टीव्हीच्या या लहरींची लांबी अर्ध्या मीटरच्या पुढे. चांगलं एरियल त्याच्या चौथाईएवढं तरी हवं, म्हणजे तेरा-चौदा सेंटीमीटर. जवळजवळ अख्ख्या फोनएवढं. ते आत दुमडून बसवायचं, शिवाय हाताने फोन झाकलेला, भोवती सिमेंटच्या भिंती. गच्चीवरच्या एरियलसाठी योजलेला दूरचा एक उंच मनोरा अशा फोनला पुरत नाही. गावोगावी लहान लहान मनोरे पाहिजेत. हे काम खर्चाचं आहे आणि ते सोपं आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. फुकट डेटा. महिनाभरात माझ्या घरी भाजी देणारा मुलगा हातगाडीवर फोन टेकवून सिनेमा पाहायला लागला. माझं डोंगल टेबलाच्या खणात गेलं. फेब्रुवारी ते सप्टेंबर, सात महिन्यांचं आयुष्य.

रेडिओचं नशीबही फार वेगळं नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींची ३५ केंद्रं डीआरएम या डिजिटल पद्धतीवर नेली. एका लहरीवर दोनतीन कार्यक्रम आणि आवाज स्वच्छ. आपल्याकडे लाखो मोटारींत ते ऐकणारे संच आहेत. पण मोटारीबाहेरच्या माणसाच्या खिशात काय? साध्या फोनमध्ये एफएम असायचं, इअरफोनची तार हेच एरियल. स्मार्टफोन आले तसं ते आतल्या चिपमध्ये असूनही पुष्कळ ठिकाणी बंद करून ठेवलं गेलं. एप्रिल २०२३मध्ये सरकारने मोबाईल बनवणाऱ्यांना सूचना काढली की एफएम आहे तिथे बंद करू नका, आपत्तीत उपयोगी पडतं. सूचना काढावी लागली यातच सगळं आलं.

मग प्रश्न उरतो की इतकी साधी, स्वस्त, सिद्ध झालेली गोष्ट प्रत्येक देशात अडखळते का? लोक म्हणतात इंटरनेटने मारली. अर्धं खरं आहे. दुसरं अर्ध सांगायला पुन्हा फौजेत जावं लागेल.

जून १९९९. कारगिलचे दिवस. मी उत्तरेकडे होतो, पण पुढच्या फळीवर नव्हतो, हे स्पष्ट सांगतो. वीरकथा दुसऱ्यांच्या आहेत. ८ जूनला मँचेस्टरला विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना होता. आमच्याकडे बिनतारी संचांवर मौन पाळण्याचा हुकूम होता, कारण संच बोलला की शत्रूला दिशा कळते. पण एका बंकरमध्ये ट्रान्झिस्टरवर समालोचन लावलेलं होतं आणि मी ते चालू दिलं. भारत ४७ धावांनी जिंकला तेव्हा सगळे ओरडले, तेवढं मात्र दबक्या आवाजात ओरडायला सांगितलं. ट्रान्झिस्टर फक्त ऐकतो. तो आपण कुठे आहोत हे कुणाला सांगत नाही. आमच्यातले पंडित म्हणतील की रिसीव्हरमधूनही किंचित लहर बाहेर गळते. गळते, पण हाकेच्या अंतरापुरती.

आता तुमचा फोन पाहा. तो खिशात गप्प असतानाही अधूनमधून मनोऱ्याला कळवत असतो की मी इथे आहे. तुम्ही काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कुठे थांबवलं, हे पलीकडे नोंदलं जातं. त्या नोंदीवरच आजचा सगळा धंदा उभा आहे. दवंडीवाल्याला हे कळत नाही. चावडीपुढे कोण उभं होतं, कोण दाराआडून ऐकत होतं, त्याला पत्ता नसतो. मोबाईल कंपनी डेटा विकते, दवंडी ऐकणारा डेटा घेत नाही. जाहिरातदाराला माणसं मोजून हवी असतात, दवंडी मोजून देत नाही. फोन बनवणाऱ्याला ट्यूनर आणि एरियलचा खर्च तेवढा दिसतो. खिशाच्या दारावर जे तिघे उभे आहेत त्यांतल्या एकालाही दवंडी आत सोडण्यात फायदा नाही. फायदा फक्त ऐकणाऱ्याचा, आणि तोही रोजचा नाही, वर्षातून एखाद्या दिवसाचा. जपानमध्ये आणि कोरियात काही वर्षं ते जमलं, कारण तिथे सरकार, प्रक्षेपक आणि फोन विकणारे एका पंगतीला बसले होते. पंगत उठली तशी सेवाही ओसरली.

आपला आत्ताचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. आयआयटी कानपूर, प्रसार भारती आणि बंगळूरची सांख्य लॅब्स यांनी मिळून बंगळूर, नोएडा आणि दिल्लीचा कर्तव्यपथ इथे चाचण्या घेतल्या. सांख्यने त्यासाठी लागणारी चिप इथेच तयार केली. मला याचा अभिमान वाटतो. आमच्या उमेदीत साधा क्रिस्टलही बाहेरून यायचा. जानेवारी २०२४मध्ये माहिती आणि प्रसारण खात्याचे तेव्हाचे सचिव अपूर्व चंद्रा यांनी १९ शहरांत चाचणी होईल असं सांगितलं, आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी राखण्याची भूमिका मांडली. त्यांचा हिशेब असा होता की देशातल्या २८ कोटी घरांपैकी १९ कोटींकडेच टीव्ही आहे, आणि २५ ते ३० टक्के व्हिडिओ या रस्त्याने गेला तर ५जीच्या जाळ्यावरचा भार हलका होईल. फोन आणि त्यांच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्याआधीच विरोध नोंदवला होता. फोन महाग होईल, बॅटरी खाईल, जगात असा फोन कुणी बनवत नाही. हे आक्षेप खोटे नाहीत. माझ्या जिन्याची सहावी पायरी मला आठवते.

पण मला या हिशेबात एक गोष्ट खटकते. आपण या सेवेची भलामण क्रिकेट आणि सिनेमासाठी करतोय. त्या मैदानात ती हरणारच. भाजीवाल्या मुलाला हवा तो सिनेमा हवा त्या क्षणी मिळतो आहे, त्याला दूरदर्शनच्या वेळापत्रकाची गरज नाही. जपानने चूक केली नाही अशातला भाग नाही, पण एक बरोबर केलं. वेगळा संसार न मांडता, घरच्या टीव्हीच्या लहरीतच एक फाक कापून ठेवली. कमी ठिपक्यांची, कमी दिमाखाची, पण सगळ्यांत शेवटी बंद पडणारी. आपण चाळीस वाहिन्यांचा बेत करण्याऐवजी एक बातम्यांची वाहिनी आणि त्या त्या राज्याच्या भाषेतला एक रेडिओ एवढंच आधी धरलं, आणि तेवढ्यासाठीच ट्यूनर सक्तीचा केला, तर मनोरेही कमी लागतील आणि भांडणही कमी होईल. हे माझं मत आहे. तज्ज्ञांनी खोडून काढावं, मी ऐकेन.

काही जण म्हणतात, याची गरज काय, आता सरकारचा इशारा फोनवर येतोच की. २०२३मध्ये चाचणीचा तो संदेश तुम्हालाही आला असेल. मी तेव्हा महूच्या एका बँकेत रांगेत होतो. एकदम चाळीसएक फोन एका सुरात किंचाळले. कॅशियरच्या हातातली गड्डी सुटली. दारावरचा सुरक्षारक्षक, माजी सुभेदार, माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, ऑल स्टेशन्स!" बिनतारी जाळ्यावर सर्वांना एकदम बोलावण्याची ती आमची जुनी हाक. त्याने बरोबर ओळखलं होतं. तो संदेश निरोप नव्हता, दवंडीच होती. मोबाईलच्या मनोऱ्याने एकदाच उच्चारलेली आणि आवाक्यातल्या प्रत्येक फोनने एकाच वेळी ऐकलेली. जाळं कितीही तुंबलेलं असो, ती पोचते. फार चांगली व्यवस्था आहे आणि मी तिला सलाम करतो. पण ती त्याच मनोऱ्यावर बसलेली आहे. मनोऱ्याची बॅटरी संपली की ती मुकी. शिवाय तिच्यात दोन ओळी मावतात. भूजच्या त्या रात्री लोकांना दोन ओळींनी थांबवता आलं नसतं. त्यांना अर्धा तास बोलणारा शांत आवाज हवा होता.

त्या ड्रायव्हरचा ट्रान्झिस्टर आज माझ्याकडे आहे. निवृत्त होताना त्याने तो मला दिला. बदल्यात मी त्याला माझं घड्याळ दिलं. कातडी पिशवीची शिवण उसवली आहे, सेलच्या कप्प्याला गंज होता तो मी लिंबाने साफ केला. सकाळी इंदूर आकाशवाणी अजून लागते. माझा नातू तो हातात घेऊन विचारतो की याचा पासवर्ड काय.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात निरोपाच्या सगळ्यांत जुन्या निरोप्याकडे, ओडिशा पोलिसांच्या कबुतरांकडे जाऊ. १९९९च्या महाचक्रीवादळात तारा आणि मनोरे आडवे झाले तेव्हा ही कबुतरं चिठ्ठ्या घेऊन उडत होती. जय हिंद.